टाइल्स सगळ्यात शेवटी

जुना फ्लॅट घेतला की मास्टर बेडरूमचं बाथरूम आधी तोडायचं ठरतं, आणि घरची मंडळी थेट टाइल्सच्या दुकानात जाऊन बसतात. पुण्या-मुंबईतल्या 30-40 वर्षांच्या इमारतींत खरं दुखणं मात्र फरशीखाली असतं. जीआय पाइप आतून गंजून अरुंद झालेले. वर कितीही महागडा शॉवर लावा, धार करंगळीएवढीच. त्यांच्या जागी सीपीव्हीसी घालायचे, कारण साधा पीव्हीसी गीझरच्या पाण्यासाठी नसतोच. मग नहाणी ट्रॅप. गळती बहुतेकदा त्याच्या भोवतालच्या सांध्यातून किंवा भिंत-जमिनीच्या कोपऱ्यातून सुरू होते, म्हणून वॉटरप्रूफिंग भिंतीवरही फूटभर चढवायला लावा. ते झालं की ट्रॅपला बोळा मारून पाणी तुंबवायचं, दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खालच्या घरी जाऊन छत बघायचं. (खालच्यांशी ओळख करून घ्यायला हे निमित्त बरं.) ‘जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवू, तोडफोड वाचेल,’ असं ठेकेदार म्हणतो तेव्हा वाचतं ते त्याचं काम, तुमची गळती खालीच राहते. फरशीला ट्रॅपकडे मीटरमागे सेंटिमीटरभर उतार हवा आणि गीझरच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. इटालियन लूकची टाइल परवडत नसेल तर साधी, न घसरणारी घ्या. वॉटरप्रूफिंगमध्ये मात्र एक रुपयाही वाचवू नका.