सुचत नसेल तर गल्ल्यापाशी उभे राहा

व्यवसायांची समाजमाध्यमे सांभाळणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, ‘आज काय टाकायचं तेच सुचत नाही.’ मग दिनविशेष, सणांच्या शुभेच्छा आणि चलतीतली गाणी यांवर महिना भागवला जातो. आमच्या मते कल्पनाशक्ती आटल्यामुळे असे क्वचितच होते. पोस्ट लिहिणारा पुण्यात बसून बारामती-इंदापूरच्या दुकानांची पाने चालवतो, गिऱ्हाईक त्याच्या दृष्टीसही पडत नाही, आणि हाती उरते ती फक्त सणांची यादी.

मोरगावचेच पाहा. कऱ्हाकाठचे हे अष्टविनायकांतले पहिले स्थान; यात्रा इथे सुरू करून इथेच पुरी करावी, अशी परंपरा. भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते, अंगारकीला रीघ लागते. अशा गावातल्या भोजनालयाने चतुर्थीला गणपतीचा फोटो आणि शुभेच्छा टाकल्या, तर पेढेवाल्याच्या आणि लॉजवाल्याच्या पोस्टहून ती वेगळी कशी ओळखायची? भाविकांचे प्रश्न मात्र अगदी नेमके असतात. उपवासाचे काय आहे? संकष्टीला चंद्रोदयानंतर गरम जेवण मिळेल का? बस कुठे लावायची? इथून सिद्धटेकला किती वेळ लागेल? पेढे मुंबईपर्यंत टिकतील का? गणपतीच्या देवळासमोर एवढा मोठा नंदी कसा? यातला एकेक प्रश्न म्हणजे एक पोस्ट आहे, आणि त्याचे उत्तर दुकानदाराला तोंडपाठ असते.

मराठीत ही वाट जुनी आहे. नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्र काढले. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. नांगराच्या जाहिरातीपुरतेच ते राहिले असते, तर मजकूर लवकरच संपला असता. वाचकाच्या जगण्यातले विषय त्यात आले, म्हणून पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये ‘स्त्री’, तर १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली.

यावर कोणी म्हणेल, प्रश्न तेच तेच असतात, ते किती दिवस पुरणार? प्रश्न तेच असले तरी विचारणारे दर वेळी नवे असतात, आणि उत्तरही बदलते: चंद्रोदयाची वेळ दर संकष्टीला वेगळी, पावसाळ्यातली गर्दी माघातल्याहून वेगळी. दुसरा आक्षेप असा, की चलतीतले रील जास्त लोक पाहतात. खरे आहे, आणि देशभर माल विकणाऱ्याला त्याचा उपयोगही होतो. पण मोरगावच्या भोजनालयाला कधीच तिकडे न फिरकणाऱ्या हजारोंपेक्षा उद्या येणाऱ्या एका बसचा फोन मोलाचा. तिसरी अडचण धंद्याची आहे: करारच महिन्याला तीस पोस्टचा झालेला असतो. तो आकडा बहुधा आपणच सुचवलेला असतो, तेव्हा कमी करण्याची बोलणीही आपणच केली पाहिजेत. उत्तर देणाऱ्या दहा पोस्ट कोणत्या आणि त्यांतून किती चौकशा आल्या, हे मांडून दाखवले तर दुकानदाराला ते पटते. हिशेब त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

म्हणून पुढच्या महिन्याचे वेळापत्रक आखण्याआधी आपल्या प्रत्येक ग्राहकाच्या गल्ल्यावर एक वही ठेवायला सांगा. आलेला प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत तिथल्या माणसाने टिपावा. आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन ती वाचा, आणि तिच्यात जेवढे प्रश्न असतील तेवढ्याच पोस्ट करा.