प्लगवरचा आकडा वाचता येत नसेल तर इरिडियमच्या गप्पा मारू नका

मंडळी, आज जरा तिखट बोलणार आहे. पहिला फटका मलाच.

आमच्या बाबांचं बेळगावात गॅरेज होतं. मारुतीच्या जमान्यात शेल्फवर मायकोचे प्लग. मायको म्हणजे बॉशच. त्या प्लगांवरून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: आकडा लहान, तितका प्लग थंड. एनजीके आणि डेन्सोचं नेमकं उलटं हाय, आकडा मोठा तितका थंड. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली.

पुतण्यानं टर्बो पेट्रोल गाडी रिमॅप करून घेतली. बूस्ट वाढला की सिलिंडरमधली उष्णता वाढते, म्हणून एक पायरी थंड प्लग टाकायचा. त्यानं विचारलं, "काका, कंपनीचा एनजीकेचा सात आहे, आता कुठला आणू?" मी ऐटीत म्हटलं, "सहा." म्हणजे थंडऐवजी आणखी गरम! दुकानदारानं तरी विचारावं की नाही, गाडी कुठली, ट्यून काय? छे. "इरिडियम आहे साहेब, पिकअप वाढतो," एवढं बोलून चार प्लगांचे पैसे घेतले.

चोर्ल्याच्या घाटात नॉकिंग सुरू झालं. पोरगं शहाणं, पाय काढला आणि हळूहळू घरी आलं. प्लग काढून बघतो तर चिनीमाती पांढरीफट्ट आणि तिच्यावर बारीक चमकणारे ठिपके. ते ठिपके म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. असाच दामटला असता तर पिस्टनला भोक पडलं असतं.

आता सांगा, इरिडियमनं काय वाचवलं? इरिडियमचं टोक बारीक असतं, ठिणगी कमी व्होल्टेजला पडते, झीज कमी होते. गुण आहेत, नाही कोण म्हणतंय? पण त्यानं हॉर्सपॉवर वाढत नाही. चांगल्या कॉइलवर साधा निकेलचा प्लगही तेवढंच काम करतो, फक्त लवकर बदलावा लागतो.

गॅपबद्दल तर कोणी बोलतच नाही. बूस्टखाली दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कंपनीची गॅप ०.८ मिलिमीटर असेल तर ट्यून केलेल्या गाडीला ०.६ ते ०.७ धरतात. नाहीतर जोरात दाबलं की मिसफायर. आणि प्लग टॉर्क रेंचनंच आवळा. सैल राहिला तर त्याची उष्णता हेडमध्ये जाणार कुठून?

उगाच दोन पायऱ्या थंड घेणाऱ्यांनाही सांगतो. टिळकवाडी ते कॅम्प एवढीच गाडी फिरवणार असाल तर टोक तापणारच नाही. साधारण ४५० अंशांच्या खाली काजळी जळत नाही, मग सकाळी गाडी सुरू करताना बघा मजा.

आता त्याच्या गाडीत आठ नंबर आहे, गॅप ०.७. ते चार सहा नंबरवाले मी नेऊन दुकानदाराच्या काउंटरवर ठेवले. तो म्हणाला, "काका, पण इरिडियम होते की हो!"