संख्या ओळखणारें सूत्र

गेल्या सत्रांत आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं अपूर्णांकांचीं उत्तरें तपासणारा एक लहानसा प्रोग्राम रचला. उत्तर संख्या आहे कीं नाहीं हें ओळखण्यास त्यांनीं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांच्या ओळींत ठराविक नमुना शोधणारें सूत्र, योजिलें होतें. ही कल्पना अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनीं १९५१ सालीं मांडली. १९६८ सालीं केन टॉम्प्सन यांनीं ती मजकूर शोधण्याच्या कामीं लाविली. आमच्या मुलांच्या हातीं मात्र तिनें भलतेच निकाल दिले.

एकानें इंग्रजी आंकड्यांत तीन चतुर्थांश लिहिले. यंत्रानें नुसते तीन वाचले. सूत्रांत 'पूर्णांक किंवा अपूर्णांक' असा क्रम होता, आणि पहिला पर्याय जुळतांच शोध थांबत असे. क्रम उलटविला व सूत्र ओळीच्या आरंभापासून अंतापर्यंत बांधिलें, तेव्हां तो दोष गेला. एका मुलीनें ३/४ असें मराठी आंकड्यांत लिहिलें, तर तिला शून्य गुण! "सर, मराठी आंकडे चुकीचे असतात का?" असें तिनें विचारिलें, तेव्हां आम्हांस खरोखर लाज वाटली. सूत्रांत केवळ इंग्रजी अंकांसच जागा होती. पायथॉन भाषेंत 'कोणताही अंक' या अर्थाचें चिन्ह देवनागरी अंकही ओळखतें. जावास्क्रिप्टमध्यें तें ओळखीत नाहीं.

मग मुलांनीं ठिगळें लाविलीं. प्रत्येक भागापुढें 'असो वा नसो' या अर्थाचें चिन्ह घातलें, तों कोरी जागाही संख्या ठरली. दशांशाचें टिंब तसेंच लिहिलें. परंतु सूत्राच्या भाषेंत टिंब म्हणजे कोणतेंही एक अक्षर, म्हणून तीन-क-पांच हीही संख्या! टिंबाच्या आधीं उलटी तिरपी रेघ दिली तर तें नुसतें टिंब राहतें.

आमच्या मतें दोष चिन्हांचा नव्हता. संख्या कशास म्हणावयाचें हें ठरण्यापूर्वींच सूत्र लिहिलें गेलें. आधीं दोन याद्या कराव्या, एक स्वीकारावयाच्या उत्तरांची व दुसरी नाकारावयाच्या. आणि दुसरी अधिक लांब असावी. मुलें पहिली हौसेनें करितात, दुसरीचा कंटाळा करितात. चुका मात्र बहुधा दुसरींतच सांपडतात. १/० हा रूपानें अपूर्णांकच दिसतो. सूत्र रूप पाहतें, अर्थ पाहत नाहीं, म्हणून छेद निराळा तपासावा लागतो.

त्या मुलीचें उत्तर आतां बरोबर ठरतें. दुसऱ्या दिवशीं तिनें मुद्दाम 'अडीच' असें अक्षरांत लिहून पाहिलें. तें कोणत्या यादींत घालावें, याविषयीं वर्गांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.