मासे आणण्याआधी टाकी मुरू द्या

पालघर, बोईसरकडच्या घरांत फिश टँक ही काही नवी गोष्ट नाही. गोल्डफिश, गप्पी, फायटर यांच्या जोडीला आता क्लाऊनफिशसारखे खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पाळायची हौसही वाढते आहे. ही हौस महाग आहे. टाकी, मीठ, दिवे, पंप असा हजारोंचा खर्च करून शनिवारी सगळा संसार घरी येतो आणि मुलांच्या आग्रहाखातर रविवारी त्यात मासे सोडले जातात. पहिले दोन-तीन दिवस सगळे छान दिसते. मग मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन धापा टाकू लागतात, खाणे सोडतात आणि एकेक करून मरतात. ‘रोग आला’ असे समजून दुकानातून निळे औषध आणले जाते. खरे तर नव्या टाकीत बहुतेकदा रोग नसतोच. मासे विषबाधेने मेलेले असतात आणि ते विष त्यांच्याच शरीरातून बाहेर पडलेले असते.

त्या विषाचे नाव अमोनिया. प्रथिने वापरली गेली की प्रत्येक प्राण्याच्या शरीरात तो तयार होतो. माणसाचे यकृत त्याचा युरिया बनवते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. यकृत निकामी झालेला रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, पुढे बेशुद्ध होतो, त्यात या अमोनियाचा मोठा वाटा असतो. मासा एवढी उठाठेव करत नाही. तो अमोनिया कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडून देतो. समुद्रात त्याचे काहीच बिघडत नाही. शंभर लिटरच्या टाकीत मात्र तेच पाणी पुन्हा कल्ल्यांतून जाते. शिवाय समुद्राचे पाणी अल्कधर्मी असते, त्याचा सामू आठच्या थोडा वर. अशा पाण्यात अमोनियाचा अधिक विषारी, कल्ल्यांतून सहज आत शिरणारा भाग गोड्या पाण्यातल्यापेक्षा सहसा जास्त असतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई खाऱ्या टाकीत खपत नाही.

टाकीला स्वतःचे यकृत लागते आणि ते विकत मिळत नाही, वाढवावे लागते. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवून दिले की काही जिवाणू अमोनियावरच जगतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते आणि ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. हे सूक्ष्मजीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत. दगड, वाळू, फिल्टरचा स्पंज यांवर थर करून बसतात. गंमत म्हणजे या कामात जिवाणूंच्या जोडीला आर्किया नावाचे वेगळेच सूक्ष्मजीवही असतात, हे शास्त्रज्ञांना ठामपणे कळले ते २००५मध्ये, अमेरिकेतील सिअॅटलच्या मत्स्यालयातील टाकीतून वेगळ्या केलेल्या एका सूक्ष्मजीवामुळे.

हे सगळे सावकाश वाढतात. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, कधी एखादा दिवसही लागतो. त्यामुळे नवी टाकी तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. हौशी मंडळी याला ‘टँक सायकल करणे’ म्हणतात. आपल्याकडे लोणच्याला लावतात तो ‘मुरणे’ हा शब्द त्याला जास्त शोभतो.

मुरवण्याची रीत सोपी आहे. क्लोरीन काढलेल्या किंवा आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार होतील इतके मत्स्यालयाचे मीठ (स्वयंपाकाचे नव्हे) विरघळवायचे, पंप चालू ठेवायचा आणि मासे न सोडता अमोनियम क्लोराइडचे थोडे द्रावण किंवा चिमूटभर मत्स्यखाद्य घालायचे. टेस्ट किटवर अमोनिया आधी चढतो, मग उतरतो. नायट्राइट चढते, तेही उतरते. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले की टाकी मुरली. मग निम्मे पाणी बदलायचे आणि एक-दोनच मासे सोडायचे. कुणा ओळखीच्याची जुनी, निरोगी खारी टाकी असेल तर तिच्यातला स्पंजचा तुकडा विरजणासारखा कामी येतो आणि दिवस वाचतात. बाटलीतले जिवाणूही मिळतात, पण उन्हातान्हात प्रवास करून आलेल्या बाटलीत जिवंत किती उरले हे टेस्ट किटच सांगते. वीज गेली तर पाण्यातला प्राणवायू घटतो आणि या जिवाणूंना तो लागतोच. म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात असावा. आणि ते निळे औषध मिथिलीन ब्लू असेल, तर ते या जिवाणूंनाही मारक ठरते.

दणकट समजले जाणारे डॅमसेल मासे सोडून त्यांच्या अमोनियावर टाकी मुरवायचा सल्ला अजूनही दिला जातो. पूर्वी दुसरा उपाय माहीत नव्हता. आता द्रावणाच्या काही थेंबांत तेच काम होत असताना जिवंत प्राण्याचे कल्ले होरपळून घ्यायचे, हे क्रौर्य आहे.

किनारपट्टीवरच्या माणसाला साहजिक वाटते की समुद्र दाराशी असताना मीठ विकत कशाला घ्यायचे? इथे मात्र जरा थांबावे. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. त्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादात जावे लागले. सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतही जैविक टप्प्यावर जिवाणूच राबतात. त्यांच्यावर झेपेल त्याहून जास्त किंवा विषारी सांडपाणी लोटले की तेही मान टाकतात. गोष्ट तीच, टाकी फक्त मोठी. खाडीतून कॅन भरून आणलेल्या पाण्यात कोणती रसायने, कोणते धातू आहेत हे घरच्या किटवर दिसत नाही. किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ उचलून आणणे तर गुन्हाच आहे. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

टाकीत हात घालणाऱ्यांनीही जपावे. क्षयरोगाच्या जंतूचा एक भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मरिनम, मत्स्यटाक्यांत आढळतो. १९२६मध्ये तो प्रथम ओळखला गेला तो फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या समुद्री माशांत. बोटाला चीर असताना मेलेला मासा काढला, दगड घासला की काही आठवड्यांनी तिथे न दुखणारी गाठ येते, कधी हातावर वर वर गाठींची रांग चढते. हा जंतू तिशीच्या आसपासच्या तापमानाला वाढतो. म्हणून नेहमीप्रमाणे ३७ अंशांना ठेवलेल्या तपासणीत तो निसटू शकतो. उपचार काही महिने चालतात. हातमोजे घालावेत, जखम असताना हात घालूच नये आणि अशी गाठ घेऊन दवाखान्यात गेल्यावर घरात फिश टँक आहे हे न विचारता सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.

राहिला प्रश्न दुकानांचा. मत्स्यालय दुकानांसाठी केंद्र सरकारने मे २०१७मध्ये नियम काढले होते, ते काही महिन्यांतच मागे घेतले गेले. त्यातल्या अनेक अटी छोट्या दुकानदाराला न झेपणाऱ्या होत्या, हे मान्य. पण एक साधी शिस्त कायद्यावाचूनही पाळता येईल. नवी टाकी आणि मासे एकाच दिवशी विकू नयेत. टाकी, मीठ आणि टेस्ट किट आधी द्यावे, माशांसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख पावतीवर लिहावी आणि त्या दिवशी टाकीतले पाणी बाटलीतून तपासायला आणायला सांगावे. मेलेल्या माशांच्या जागी नवे मासे विकून चार पैसे सुटत असतील, पण दोनदा मासे मेले की बहुतेक घरांतली टाकी माळ्यावर जाते आणि ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. मुलांचा धीर सुटेल ही भीतीही फारशी खरी नाही. टेस्ट ट्यूबमधला रंग दर दोन दिवसांनी पाहून वहीत लिहायचे काम त्यांच्याकडे द्यावे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत काय काय चालले आहे, हे मग तीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसतील.