विंडसरचे संविधानघर

जुलै उजाडला की अमेरिका ४ तारखेच्या, स्वातंत्र्यदिनाच्या, आतषबाजीत न्हाऊन निघते. व्हरमाँट राज्यातल्या विंडसर गावाचा मानाचा दिवस मात्र त्यानंतरचा, ८ जुलैचा. १७७७ साली याच दिवशी एलायजा वेस्ट यांच्या टॅव्हर्नमध्ये, वाटसरूला जेवण, पेय आणि रात्रीचा आसरा देणाऱ्या साध्या लाकडी घरात, व्हरमाँटचे पहिले संविधान संमत झाले. स्वातंत्र्ययुद्धात टायकोंडेरोगाचा किल्ला इंग्रजांनी घेतल्याची वार्ता आली होती, प्रतिनिधींचा जीव घरच्या माणसांत अडकला होता; पण वादळी पावसाने वाट अडवली आणि तेवढ्या अवधीत काम तडीस गेले, असे आजही सांगतात. पुढे या वास्तूची रया गेली, तिचे गोदामही झाले. १९१४ मध्ये ती आजच्या जागी आणून संग्रहालय म्हणून खुली करण्यात आली.

तिचा उंबरठा ओलांडताना आपल्या मनात येते, की इथे जमलेल्या माणसांना आपल्या शब्दांचा भरवसा होता, पण आपल्या सातत्याचा नव्हता. प्रौढांची गुलामगिरी त्यांनी निषिद्ध ठरवली, मालमत्ता नसलेल्या पुरुषालाही मताचा हक्क दिला, गावोगावी शाळा असावी असे लिहिले. आणि या साऱ्याचे पालन होते की नाही हे पाहण्यासाठी दर सात वर्षांनी तेरा जणांचे मंडळ निवडण्याची तरतूद केली. स्वतःची झाडाझडती घेण्याची ही व्यवस्था १८७० पर्यंत टिकली. आपल्याला त्या संविधानातले हेच कलम सर्वांत थोर वाटते.

कारण शब्द एकटे पुरत नाहीत. याच विंडसरमध्ये स्टीफन जेकब नावाच्या वकिलाने १७८३ साली डायना नावाची कृष्णवर्णीय स्त्री विकत घेतली. ती वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबली आणि म्हातारपणी, आजारपणात तिचा भार गावावर पडला. तिच्या खर्चासाठी गावाने, तिचा मालक म्हणून, जेकबवर दावा लावला. एव्हाना जेकब स्वतः राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला होता. १८०२ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की संविधानात गुलामगिरीच नाही, तेव्हा खरेदीखत पुरावा ठरत नाही. तत्त्व अबाधित राहिले, जेकब सुटला आणि डायनाच्या पदरी काहीच पडले नाही. संविधानघराला भेट देणाऱ्या प्रत्येकाने तिचे नाव ऐकावे, असे मनापासून वाटते.

वयाची अट आणि कर्जफेडीची सबब, अशा पळवाटा संविधानाच्या मजकुरात उरल्याच होत्या. २०२२ साली व्हरमाँटच्या मतदारांनी त्या पुसल्या आणि कोणत्याही स्वरूपातली गुलामगिरी निषिद्ध असल्याचे स्पष्ट लिहिले. त्या मतदानात स्त्रियाही होत्या. १७७७ च्या संविधानाने त्यांना मताचा हक्क दिलेला नव्हता.