शांत म्हणजे मृत नव्हे

आपल्या देशातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर आहे. त्याच्या उद्रेकाची नोंद १७८७ साली झाली. एकोणिसाव्या शतकात तो निवला आणि शंभराहून अधिक वर्षे गप्प राहिला. तो कायमचा विझला, असे कोणालाही वाटावे. पण १९९१ मध्ये तो पुन्हा उफाळला.

यात नवल नाही. बेटाखाली खोलवर सरकणारा भारतीय भूपट्ट आपल्यातले पाणी वरच्या तप्त खडकात सोडतो. मिठामुळे बर्फ कमी तापमानाला वितळतो, तसा पाण्यामुळे खडकही. भूपट्ट सरकत आहे तोवर ही भट्टी पेटतीच राहणार. म्हणून माणसाच्या आठवणीवरून ज्वालामुखीला मृत ठरवू नये. बेट निर्जन असले, तरी उपकरणांनी त्याची नाडी सतत पाहिली पाहिजे.