ऋण राष्ट्राचें, भार गांवाचा

युद्धांत हात, पाय किंवा दृष्टि गमावून परतलेल्या सैनिकाकडून घरपट्टी घ्यावी काय? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं बहुतेकांनीं या प्रश्नाचें उत्तर, निदान अंशतः, ‘नाहीं’ असेंच दिलें आहे.

टेक्सस संस्थानाचें उदाहरण पाहूं. लष्करी सेवेमुळें आलेलें ज्याचें अपंगत्व मध्यवर्ती सरकारनें शंभर टक्के ठरविलें, अशा माजी सैनिकाचें राहतें घर २००९ सालच्या कायद्यानें मालमत्ताकरांतून पूर्णपणें मुक्त झालें. २०११ सालीं मतदारांच्या संमतीनें ही सवलत त्याच्या मागें राहिलेल्या पत्नीस वा पतीसही मिळाली. ज्यांचें अपंगत्व कमी, त्यांच्या मिळकतीच्या करपात्र किमतींतून ५,००० ते १२,००० डॉलर वजा होतात. ही कांहीं भिक्षा नव्हे. राष्ट्रानें आपलें ऋण फेडण्याची ही रीत होय.

परंतु हें ऋण प्रत्यक्षांत फेडतो कोण? टेक्ससमध्यें संस्थानाचा प्राप्तिकर मुळींच नाहीं. नगरें, परगणे व शाळा यांचा मोठा आधार मालमत्ताकरच आहे. फोर्ट हूड या लष्करी तळाजवळील किलीनसारख्या नगरांत माजी सैनिकांची वस्ती दाट असते. म्हणजे ज्या नगरानें त्यांस अधिक आसरा दिला, त्याचीच तिजोरी अधिक रिती होते. हें ओळखून संस्थानानें २०१५ सालीं अशा नगरांस साहाय्य देण्याचा कायदा केला, हें योग्यच झालें.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. जखमी वाटसरूस त्यानें उतारशाळेंत नेलें, रक्षकास पदरचीं दोन नाणीं दिलीं, आणि अधिक खर्च झाल्यास तोही परत येतांना भरून देण्याचें वचन दिलें. आपल्या सत्कृत्याचा भार त्यानें उतारशाळेच्या रक्षकावर टाकला नाहीं.

महाराष्ट्र सरकारनेंही २०२० सालीं माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांस मालमत्ताकरांतून सूट देण्याचें ठरविलें. निर्णय स्तुत्य आहे. तथापि घरपट्टी हें आपल्या ग्रामपंचायतींच्याही उत्पन्नाचें महत्त्वाचें साधन होय. म्हणून आमचें नम्र मत असें कीं, सूट उदारपणें द्यावी. मात्र जितकी घरपट्टी माफ होईल, तितकी रक्कम सरकारनें आपल्या खजिन्यांतून त्या गांवास भरून द्यावी. सैनिक साऱ्या देशाकरितां लढला. तेव्हां त्याचें ऋण एकट्या गांवानें कां फेडावें?